खाडा

३० सप्टेंबर २०२३, शनिवार

किल्लारीच्या भूकंपाला आज तीस वर्षं झाली. सकाळपासून टीव्हीवर तीच दृश्यं. माय खाटेवर बसून बघत होती, मांडीवर पंचवीस दिवसांची पणती. लेक न्हाणीत होती. माय म्हणाली, "गणपती बुडवून माणसं आली न् पहाटं फडताळातली भांडी धडाधड खाली. तुझ्या बापानं तुला हाताला धरून बाहेर ओढली."

कितीतरी दिवस मनात असलेला प्रश्न मी तेवढ्यात विचारून घेतला. "माय, तुझी पाळी कधी गेली गं?"

टीव्हीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "भूकंपाच्या टायमाला होती. मोठ्याच्या लग्नात गेली."

मोठ्या भावाचं लग्न मे १९९६ मधलं. देवकाला बसायचं, तेव्हा पाळीची तारीख नेमकी आडवी येणार, म्हणून तिनं मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या मागवल्या होत्या. त्या पुडीतच राहिल्या. देवकाच्या दिवशी पाळी आली नाही, हळदीला नाही, सून घरात आल्यावर नाही, आषाढातही नाही. "योगेश्वरीनं लाज राखली म्हणून मी नारळ दिला," माय म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पर मग लई भ्याले. सून घरात आन् सासूला दिवस गेले तर गावात तोंड कसं दाखवायचं? दिवाळीपस्तोर पोटावर हात ठेवून झोपायची."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या हॉस्टेलवर. वहीत अंडाशयाची आकृती काढून तिला नावं देत होते. मला का नाही विचारलंस, म्हटलं.

"पत्र तुझा बाप लिहायचा."

२ ऑक्टोबर

माझ्या प्रश्नाचं कारण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे. त्या कॅलेंडरवर घराचा सगळा हिशेब असतो. दूधवाल्याचा खाडा, सिलिंडर लागल्याची तारीख, आणि बारीक पेन्सिलीनं केलेलं माझं गोल. शेवटचं गोल ६ जूनला. पुढची पानं कोरी. मला सेहेचाळीस पूर्ण झाली आहेत.

दुसरं कारण लेकीचं. परवा रात्री पाजता पाजता फोनवर काही वाचत होती. म्हणाली, "आई, अंगावर पाजलं की पाळी उशिरा जाते म्हणे. खरं का?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू मला किती महिने पाजलंस?"

अडीच. तेव्हा मी एका खासगी दवाखान्यात होते. अडीच महिन्यांनी रात्रपाळीला बोलावलं. पहिल्या रात्री दुसऱ्याच कुणाचं तान्हं रडलं आणि मला पान्हा फुटला. भिजलेला ॲप्रन धुवून तसाच घातला. पहाटे बेसिनमध्ये दूध पिळून टाकलं. पंधरा दिवसांत ते आटलं. एकच मूल, आणि तिला अडीच महिने. एवढाच माझा हिशेब आहे, तो मी लेकीला सांगितला. ती काही बोलली नाही, बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

४ ऑक्टोबर

लेकीनं वाचलं होतं त्याच्या मागचा मूळ अभ्यास आमच्या डॉक्टर मॅडमनी काढून दिला. जानेवारी २०२० मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात आलेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या क्रिस्टीन लँगटन आणि एलिझाबेथ बर्टोन-जॉन्सन यांचं हे काम, आणखीही सहकारी आहेत. दोन ड्यूट्यांच्या मधल्या वेळात, शब्दकोश शेजारी ठेवून वाचला.

वाचताना मला भरून आलं ते निष्कर्षामुळे नाही. ज्या बायकांवर हा अभ्यास उभा आहे त्या सगळ्या नर्स आहेत. अमेरिकेत १९८९ साली एक लाखाहून जास्त नर्सना टपालानं प्रश्नावली गेली. तेव्हा त्या पंचवीस ते बेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढं दर दोन वर्षांनी पुन्हा प्रश्न आले. पाळी चालू आहे का, किती बाळंतपणं झाली, किती महिने पाजलं, सिगारेट ओढता का, वजन किती. त्या उत्तरं देत राहिल्या. पाळी चालू असलेल्या १,०८,८८७ जणींचा २०१५ पर्यंतचा हिशेब या लेखात आहे. सव्वीस वर्षं. रात्रपाळी करून घरी आल्यावर, डोळ्यांवर झोप असताना, त्या फॉर्मवर स्वतःच्या अंगाच्या गोष्टी लिहीत असतील. आम्ही नर्स रोज दुसऱ्यांची ताप-नाडी-श्वासाची टीपीआर शीट भरतो. यांनी स्वतःची भरली.

त्यांच्या उत्तरांतून निघालं ते असं. पंचेचाळिशीच्या आत आपोआप पाळी जाणं म्हणजे लवकर जाणं, ही त्यांची व्याख्या. ज्यांनी सगळ्या बाळंतपणांचे मिळून सात ते बारा महिने बाळाला फक्त अंगावरच्या दुधावर ठेवलं, त्यांच्यात लवकर पाळी जाण्याचा धोका महिनाभरही तसं न पाजलेल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होता. सहा महिन्यांपर्यंत पाजलेल्यांत फरक नावापुरता. बारा महिन्यांच्या पुढं गेलेल्यांतही फायदा दिसतो, पण महिने वाढले म्हणून तो वाढत जात नाही. बाळंतपणांचाही वेगळा परिणाम आहे. मूल न झालेल्यांपेक्षा दोन बाळंतपणं झालेल्यांत धोका १६ टक्क्यांनी कमी.

लेकीला हे समजावताना टक्क्यांनी घोटाळा केला. २८ टक्के म्हणजे पाळी २८ टक्के उशिरा, असं तिला वाटलं. तसं नाही. समजा न पाजलेल्या शंभर जणींत दहा जणींची पाळी लवकर जात असेल, तर पाजणाऱ्यांत सात-एक जणींची जाईल. उरलेल्या नव्वद जणींना लवकर जाण्याची भीती तशीही नव्हती. तूही बहुतेक त्या नव्वदांतलीच, म्हटलं. आणि त्या दहा-सातांतली नेमकी कोण, हे कुणी आधी सांगू शकत नाही.

७ ऑक्टोबर, रात्रपाळी

अडीच वाजलेत. वॉर्ड शांत आहे. सहा नंबरच्या कॉटवर एक बाई आहे, मांडीवर दहा महिन्यांचं मूल आणि पोटात चौथा महिना. "पाळी आलीच न्हाई सिस्टर, मग कळणार कसं? पाजत होते की." तिची सासू शेजारी बसून तिलाच बोल लावत होती. मी सासूला बाहेर नेऊन बसवलं आणि नीट सांगितलं.

बाळ ओढतं तेव्हा तो संदेश आईच्या मेंदूपर्यंत जातो. प्रोलॅक्टिन वाढतं, दूध तयार होतं. त्याच वेळी अंडाशयाला जागं करणारे मेंदूचे इशारे मंदावतात, बीज पिकत नाही, पाळी येत नाही. पण हे बाळ किती वेळा ओढतं यावर आहे. रात्रीचं पाजणं थांबलं, वरचं सुरू झालं, की इशारे परत येतात, आणि पहिली पाळी दिसायच्या आधीच एखादं बीज सुटू शकतं. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथं तज्ज्ञ जमले आणि त्यांनी नेम घालून दिला. मूल सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परतलेली नाही, आणि मूल पूर्ण अंगावरच्या दुधावर. तिन्ही गोष्टी असतील तर दिवस राहण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी. तिच्या बाबतीत तीनपैकी दोन केव्हाच सुटल्या होत्या. हे तिला बाळंतपणानंतर घरी जाताना कुणीतरी सांगायला हवं होतं. ती जिथं बाळंत झाली तिथं नाही सांगितलं. डिस्चार्जच्या दिवशी हे तीन मुद्दे प्रत्येकीला तोंडी म्हणून दाखवायचे, असं मी आज आमच्या वॉर्डच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

कलाहारीच्या वाळवंटातल्या कुंग लोकांवरचं मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांचं १९८० सालचं काम डॉक्टर मॅडमनीच सांगितलं होतं. तिथल्या बायका मूल अंगाशी बांधून फिरत. मूल दिवसभर तासाला तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटं प्यायचं. गर्भनिरोधक काही नसताना दोन मुलांत जवळपास चार वर्षांचं अंतर पडे. पाजणं किती महिने चाललं एवढंच आपण विचारतो. तिथं किती वेळा पाजलं यावर सगळं होतं.

१० ऑक्टोबर

आज लेकीनं स्वतःच कोडं घातलं. "पाजताना बीज सुटत नाही, म्हणजे बारा महिन्यांत बारा बीजं वाचली. मग पाळी बारा महिने पुढं जायला पाहिजे, एवढंच ना?"

सरळ वाटणारा हिशेब, पण जमत नाही. मी तिला मायच्या घरातल्या कणगीची आठवण दिली. कणगीतली ज्वारी फक्त जात्यात जात नसे, त्याहून जास्त किडीला जायची. बाईच्या अंडाशयाचं तसंच आहे. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमाराला मुलीकडे साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख राहतात. शहाणी होईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात पाळीच्या चक्रात सुटणारी बीजं फार तर चारशे-पाचशे. पाळी जाते तेव्हा हजारभर उरलेली असतात. म्हणजे वापरात गेली ती मूठभर, बाकी सगळी आतल्या आत झिजून गेली. झिजणं पाळी यायच्या आधीपासून, रात्रंदिवस चालू असतं.

म्हणून बारा बीजं वाचल्यानं काही होत नाही. गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात हे झिजणंच मंद होत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. अंडाशयातल्या साठ्याची खूण मानलं जाणारं एएमएच नावाचं संप्रेरक गरोदरपणात खाली येतं, हे दिसलेलं आहे. पण नेमकं कसं घडतं हे अजून उलगडायचं आहे, आणि जोवर ते उलगडत नाही तोवर 'पाजल्यामुळे पाळी लांबते' असं वाक्य मी तरी उच्चारणार नाही. ज्या बायकांना सात-बारा महिने पाजता आलं त्यांच्या आयुष्यात आणखी काय काय बरं होतं, हा प्रश्न राहतोच. सिगारेट, वजन यांचा हिशेब संशोधकांनी वजा केला आहे, तरीही.

कणगीचं उदाहरण देताना मी बाळाला तेल लावत होते. तिच्या पोटातली कणगी केव्हाच भरून झाली आहे आणि रिती व्हायला लागलीसुद्धा.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना

सव्वा महिना झाला. लेक पहिल्यांदा देवळात गेली. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू चालूच आहेत. बाकी काही लिहायला वेळ नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा

दुपारी सोनं वाटून झाल्यावर मायसोबत हिशेबाला बसले. आधार कार्डावर तिचा जन्म १ जानेवारी १९५०. त्या हिशेबानं मे १९९६ ला ती सेहेचाळीस पूर्ण. पण माय सांगते, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, त्र्याहत्तरला मोठा झाला. या हिशेबानं जन्म १९५३ चा, आणि पाळी गेली ती त्रेचाळिसाव्या वर्षी.

तीन वर्षांचा फरक. आधार धरलं तर ती आपल्याकडच्या सरासरीत बसते. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशभरच्या पाहणीत भारतीय बायकांचं पाळी जाण्याचं सरासरी वय ४६.२ निघालं आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास. दुष्काळ धरला तर माय 'लवकर'च्या रकान्यात जाते. माझा कौल दुष्काळाकडे आहे. बाई खडीचा हिशेब विसरत नाही. आधारची तारीख कुणीतरी कचेरीत बसून टाकलेली.

आणि पाजणं? चार मुलं, प्रत्येकाला दुसरं पोटात येईपर्यंत. धाकटा तर बालवाडीतून येऊन प्यायचा. एकूण आठ-नऊ वर्षं. त्या अमेरिकन नर्सच्या तुलनेत कितीतरी पट. मग तिची पाळी लवकर का गेली?

"फक्त अंगावरचं किती महिने, माय?" तिनं आठवून सांगितलं. पहिले तीन दिवस चीक पिळून टाकायचा, बाळाला गुळाचं पाणी. दहाव्या दिवसापासून सहाणेवर उगाळलेली बाळगुटी. चौथ्या महिन्यात भाताची पेज, कारण तिला खुरपायला जायचं होतं. म्हणजे नेमक्या व्याख्येनं मोजलं तर फक्त अंगावरच्या दुधाचा एक महिनासुद्धा भरत नाही. चीक टाकला नसता तर बाळांचं भलं झालं असतं, हे मी तिला आता सांगून काय उपयोग. तरी सांगितलं. ती म्हणाली, "सासूनं टाकायला लावला. तिला तिच्या सासूनं."

पण मला वाटतं खरं उत्तर गुटीत नाहीच. कुपोषण, दारिद्र्य, शिक्षण नसणं यांच्याबरोबर पाळी लवकर जाणं हे आपल्या देशात वारंवार दिसलेलं आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी तिची. पाजत असतानाही तीच. आपल्याकडं बायका पाश्चात्त्यांहून कितीतरी जास्त काळ पाजतात आणि तरी त्यांची पाळी चार-पाच वर्षं आधी जाते. हे एकत्र वाचलं की तो २८ टक्क्यांचा आकडा आपल्या जागी नीट दिसतो. तो आकडा पोट भरलेल्या, पगार मिळवणाऱ्या, बहुतांश गोऱ्या नर्सचा आहे. त्यांच्यात आपसांत फरक दाखवतो. माझ्या मायच्या ताटात काय होतं ते तो सांगू शकत नाही.

२०१४ मध्ये माय अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडांची झीज वाढते. जितकी लवकर जाते तितकी झिजायला वर्षं जास्त मिळतात. हृदयाचंही तसंच. लवकर पाळी जाण्याला घाबरायचं ते एवढ्यासाठी. मी इतकी वर्षं नर्स आहे, आणि आईची पाळी कधी गेली हे मी मनगट मोडल्यावरसुद्धा विचारलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. काल रात्रभर ट्रॅक्टरांचे आवाज. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, पोरं, वर ताडपत्री. आज ओपीडीत त्यातलीच एक आली होती. वय चौतीस. पाठ दुखते, अंगातून वाफा निघतात, झोप नाही. पाळीचं विचारलं तर म्हणाली, "पाच वर्षं झाली, पिशवी काढली."

का काढली? अंगावरून जात होतं. एका डॉक्टरनं सांगितलं, कॅन्सर होईल. उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस फडावर गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापणार. महिन्याचे चार दिवस म्हणजे चार खाडे. "मग म्हटलं, कटकटच नको."

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं नेमलेल्या समितीपुढं जे आकडे आले ते मला पाठ आहेत. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. दर सहा जणींत एक.

पिशवी काढली आणि अंडाशय जागेवर ठेवले, तर पाळी थांबली तरी संप्रेरकं काही काळ चालू राहतात, पण ती लवकर ओसरण्याचा धोका वाढतो. अंडाशयही काढले असतील तर एका दिवसात बाई साठीच्या उंबरठ्यावर जाते. हिचे काढले आहेत का, हे तिला माहीत नाही. कागद? "मुकादमाकडं असतील, नाहीतर नवऱ्याकडं." डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी लिहून दिली. मी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि कागद शोधून आण म्हणून दोनदा बजावलं. उद्या तिची ट्रॉली कर्नाटकात जायची आहे.

तीन मुलं. प्रत्येकाला दोन वर्षं पाजलेलं, उसाच्या फडाशेजारी झोळी बांधून. तिनं मला हे अभिमानानं सांगितलं. अशा बाईला कुणी म्हणावं की पाज, म्हणजे पाळी उशिरा जाईल? तिच्या बाबतीत तो प्रश्नच कोयत्यानं तोडून टाकला. मला आज संताप आवरला नाही. तिच्यासमोर दाखवला नाही. ड्रेसिंग रूममध्ये जाऊन उभी राहिले.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

मोठा भाऊ आला होता. त्याला ओवाळताना माय एकदम म्हणाली, "तुझ्या लग्नातल्या गोळ्या अजून खणात असतील बघ." त्याला काही कळलं नाही. आम्ही तिघी हसलो, माय, मी, लेक. मग लेकीनं मामाला सगळं सांगितलं, मोकळेपणी. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं तू दमून झोपायचीस."

१९ नोव्हेंबर

लेकीची रजा मार्चपर्यंत आहे. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीमुळं सव्वीस आठवडे, पगारी. बाळ तोवर सहा महिन्यांचं होईल. ती म्हणते, तोवर फक्त अंगावरचं, मग पुण्याला जाऊन पंपानं काढून ठेवीन. जमेल तसं कर, म्हटलं. बाळाची ताकद, तुझ्या छातीचा कॅन्सरचा धोका कमी होणं, हे फायदे भक्कम आहेत. दर बारा महिने पाजण्यामागं तो धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, हे तीस देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये दाखवलं गेलं आहे. पाळीचं आणखी भलं झालं तर झालं. नाही जमलं तर माझ्यासारखी तेवीस वर्षं ते बेसिन मनात घेऊन फिरू नकोस.

हे मी तिला म्हणाले, आणि म्हणताना मला कळलं की मी ते खरोखरच घेऊन फिरत होते.

२३ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

आज पहाटे पाळी आली. साडेपाच महिन्यांनी. ओळीनं बारा महिने आली नाही तरच गेली म्हणायचं. म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कॅलेंडरवर गोल केलं, दूधवाल्याच्या खाड्याशेजारीच. मग शंभर पानी वही काढली. पहिल्या पानावर मायचं लिहिलं. जन्म, दुष्काळाच्या हिशेबानं १९५३. चार मुलं, पाजणं आठ-नऊ वर्षं, चीक टाकलेला. शेवटची पाळी, एप्रिल १९९६. दुसऱ्या पानावर त्या चौतीस वर्षांच्या बाईचं, कागद मिळेपर्यंत अर्धं. तिसऱ्यावर माझं.